आठ अंश

काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली तेव्हा माझे हात मनगटापर्यंत पांढरे होते. काच घासताना पाण्यात जो लगदा होतो तो सुकला की पिठासारखा दिसतो. बायको म्हणते, तुम्ही चष्म्याच्या कंपनीतून येता की गिरणीतून. "मास्तर, जरा पुढे या ना," मुलगी म्हणाली, "एका बाईंची दांडी सैल झालीय. म्हणजे चष्म्याची." आणि स्वतःच्याच बोलण्याला हसली. मी मागच्या खोलीतला माणूस. पुढे दुकान आहे, आरसे आहेत, दिवे असे लावलेत की कुरूप माणूससुद्धा दोन मिनिटं स्वतःवर खूश होतो. मागे आम्ही. कंपनीच्या सहा दुकानांच्या काचा आमच्याच खोलीत कापल्या जातात, घासल्या जातात, फ्रेममध्ये बसवल्या जातात, आणि एकोणीस वर्षांत मी पुढे फार तर शंभरदा आलो असेन. हात पुसत आलो. खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, पायांत मऊ तळव्यांचे पांढरे बूट, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. इस्पितळातल्या नर्स. त्यांच्या चष्म्याच्या उजव्या दांडीला जखमेवर लावायची पांढरी पट्टी गुंडाळली होती, एकावर एक इतकी की कानावर तिची गाठ झाली होती, आणि त्या गाठीमुळे चष्म्याची उजवी बाजू बोटभर वर चढली होती. वाकडा चष्मा दिसला की माझे हात आपोआप पुढे जातात, जसे आईचे हात पोराच्या शर्टाच्या बटणाकडे जातात. मी दोन्ही दांड्या धरून तो सरळ केला. त्या लगेच म्हणाल्या, "नको हो, वाकडाच राहू द्या. सरळ घातला की मला फरशी चढाला लागल्यासारखी दिसते. असा घातला की सगळं जागेवर. माझंच डोकं वाकडं असेल, दुसरं काय."

काउंटरवरची मुलगी हसली, त्याही हसल्या. मी मात्र दांड्यांवरचे हात काढून घेतले, कारण या दुकानात, या रस्त्यावर, कदाचित या सगळ्या शहरात, त्या वाकडेपणाचा अर्थ कळणारा मी एकटाच होतो. काही डोळ्यांना काच नुसती जाड किंवा पातळ असून भागत नाही. ती एका ठरावीक कोनातच बसावी लागते. चार-पाच अंश इकडेतिकडे झाली तर माणूस कुरकुरत का होईना निभावून नेतो. त्याहून जास्त फिरली की दारांच्या चौकटी कलतात, पायऱ्या फसवतात, संध्याकाळी कपाळ ठणकतं. आणि दोन्ही काचा एकाच बाजूला सारख्याच फिरल्या असल्या, तर त्यावर एक उपाय आहे: अख्खा चष्माच उलट दिशेला तेवढाच फिरवून नाकावर ठेवायचा. हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही. या बाईंनी तो आपला आपण, इस्पितळातली पट्टी गुंडाळत गुंडाळत, शोधून काढला होता. फ्रेम गोल होती, बारीक सोनेरी तारेची. मी ती ओळखली. "परत का नाही आणलात?" मी विचारलं, आणि माझा आवाज मला बरा वाटला, चौकशी करणाऱ्या माणसाचा वाटला. "आणला होता की. तुमच्या माणसानं डबीतली चिठ्ठी बघितली, तपासल्याची सही बघितली, म्हणाला चष्मा बरोबर आहे, पंधरा दिवस घाला, सवय होईल. मग घातला." त्यांनी नाक चोळलं. "झाली सवय. फक्त शीर दिसायची बंद झाली. मी सुया टोचायचे, अठ्ठावीस वर्षं टोचल्या, लहान पोरं माझ्याकडेच यायची. दोनदा चुकले. एका आजोबांचा हात काळानिळा केला. मग मीच मेट्रनबाईंना म्हटलं, मला चादरींच्या कोठीत टाका. वय कुणाला चुकलंय?"

चष्मा घेऊन मी मागे आलो. तिथं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. गोल फ्रेमच्या कडेला एक स्क्रू असतो, बाजरीच्या दाण्याएवढा. तो सैल केला की गोल काच गोल चौकटीत अंगठ्यानं फिरते. चौकोनी फ्रेममध्ये हे होत नाही, कोपरे अडवतात. दोन स्क्रू सैल करायचे, दोन्ही काचा आठ अंश मागे फिरवायच्या, स्क्रू आवळायचे. बाईंना शीर दिसली असती. पण त्यांनी तिथंच खुर्चीत बसून, आरशासमोर, चारचौघांत म्हटलं असतं, अगं बाई, आता सरळ घातला तरी सरळ दिसतं, काय केलंत? आणि काउंटरवरच्या मुलीनं विचारलं असतं, काय केलंत मास्तर? मी दांडीचा स्क्रू आवळला. मग ती मळकी पट्टी सोडवली आणि तिच्या जागी मऊ रबराची नळी कापून बसवली, अगदी तेवढ्याच जाडीची, म्हणजे चष्मा तितकाच वाकडा राहील पण कानाला बोचणार नाही. हे मी केलं. मनापासून केलं, कडा पालिशसुद्धा केल्या. बाईंनी घालून बघितला आणि माझा हात हातात घेतला. "किती सुरेख हात आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या.

हाताचं कौतुक मला नवं नाही. माझं वाटोळं त्या कौतुकानंच केलं. खिडकीजवळ एक खुर्ची आहे, तपासनिसाची. तिथं ऊन येतं, लगदा उडत नाही, यंत्राच्या भोकातून बघून प्रत्येक चष्म्याचा नंबर ताडायचा आणि चिठ्ठीवर सही करायची. जुने तपासनीस निवृत्त होण्याआधी चार वर्षं मला सांगत होते, माझ्यामागं तूच. मी मनानं त्या खुर्चीत बसूनही झालो होतो. पाठीला एक उशी शिवून दे म्हणून बायकोला सांगितलं होतं, तिनं शिवलीही. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मॅनेजर चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुम्हाला टेबलावरून उठवलं तर काचा कोण कापणार? तुमच्यासारखा हात आणायचा कुठून? कौतुक समजा." सगळे हसले. मीही हसलो. दोन वर्षं झाली, त्यातलं सगळं मला एक वेळ सोसतं, पण मीही हसलो हे सोसत नाही. कौतुक करून माणसाला गाडता येतं, वर माती लोटायला त्याचेच हात वापरता येतात. खुर्ची मिळाली ती ज्याला मीच काम शिकवलं त्याला. तो प्रत्येक चिठ्ठीवर सहीच्या वर 'ठीक' असं लिहायचा, त्यावरून सगळे त्याला ठीकसाहेब म्हणू लागले. पस्तिशीचा, मान खाली घालून चालणारा, भांडण झालं की दोन्ही बाजूंना हो म्हणणारा. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, बस बाबा, ऊन खा. उशी अजून आमच्या कपाटावर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

तेवढ्यावर भागलं असतं. खुर्ची गेली म्हणून कुणी मरत नाही. पण मग मॅनेजरनं भिंतीवर फळा लावला. कुणाच्या किती काचा तपासणीतून परत आल्या ते दर शनिवारी त्यावर लिहायचं, आणि सगळ्यांत वरच्याला उभं करून वाचून दाखवायचं. माझं नाव सगळ्यांत वर. का नसेल? खोलीतलं निम्मं काम माझ्या टेबलावर, अवघड नंबर सगळे माझ्या टेबलावर. शंभरातल्या दोन परत येणारा खाली आणि हजारातल्या पाच परत येणारा वर, असला तो हिशेब. मी त्याच्या खोलीत जाऊन हे समजावलं, कागदावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, "आकडा तो आकडा, मास्तर. तुम्हीच असं मनाला लावून घेतलं तर बाकीच्यांनी काय करायचं?" म्हणजे मार खायचा तो खायचा, वर तो खाताना चेहरा कसा ठेवायचा हेही त्यानंच सांगायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या शनिवारी दुपारी मी टेबलावर परत आलो तेव्हा तपासून झालेला एक चष्मा शेवटच्या आवळणीसाठी समोर पडला होता. हीच आमची पद्धत. ठीकसाहेबाची सही झाली की चष्मा पुन्हा माझ्याकडे येतो, मी स्क्रू बघतो, नाकाच्या गाद्या बघतो, पुसतो, डबीत घालतो. त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघत नाही. फ्रेम गोल होती. मी स्क्रू आवळण्याऐवजी सैल केला. अंगठा काचेवर ठेवला. काच फिरली, अगदी आवाज न करता, आणि माझ्या मानेत सकाळपासून जे काही आवळलं होतं ते सुटलं.

आठ अंश. मोजले नव्हते, एकोणीस वर्षांनंतर अंगठ्याला कळतात. पुढे मी त्यावर विचारही केला, शांतपणे, एखादा स्वयंपाकी मिठावर करतो तसा. पाच अंशांनी माणसाला नुसतं चुकल्यासारखं होतं. बारा अंशांनी तो त्याच दिवशी भांडायला येतो, चष्मा यंत्राखाली जातो, सगळं बाहेर पडतं. आठावर तो आठवडाभर डोकं दाबत फिरतो, मग येतो, आणि त्याला सांगतात, सवय होईल. त्या दिवशी घरी गेलो तर बायको म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसते. मी खुशीत होतो. दीड वर्षात एकतीस चष्मे. रोज नाही, फळ्यावर नाव आलं की, रजा नाकारली की, मॅनेजरनं 'आमचा हात' म्हणून पाठीवर थाप मारली की. निदान सुरुवातीला तसं होतं. मला कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं: अन्याय झाला, म्हणून केलं. आणि ते खरं आहे. पण बाराव्या-तेराव्या चष्म्यानंतर मी अन्यायाची वाट बघायला लागलो, हेही खरं आहे. एखादा आठवडा मॅनेजर बरा वागला तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी जुन्या गोष्टी उकरून काढायचो, त्या चहाच्या कपाकडे परत जायचो, तेव्हा कुठे अंगठ्याला परवानगी मिळायची. डबीत जाणाऱ्या चष्म्याच्या मागं एक नाक आहे, दोन डोळे आहेत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याला 'कंपनीचा चष्मा' म्हणायचो. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर वांग्याला नाव देऊन चालत नाही.

नर्सबाई गेल्यावर दिवसभर मला माझे वडील आठवत राहिले. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवायचे. लिफ्टमध्ये एक स्टूल होतं. नवा साहेब आला, त्याला नोकर माणूस बसलेला बघवेना, त्यानं स्टूल काढायला लावलं. वडील तिथून पुढे सतरा वर्षं उभे राहिले. घरी आले की आई परातीत गरम पाणी घेऊन बसायची आणि त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा आम्हा भावंडांना बघवायच्या नाहीत. ते कुणाला बोलले नाहीत. फक्त तो साहेब एकटा लिफ्टमध्ये असला की ते लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबवायचे. जुनी, मुठीनं चालवायची लिफ्ट, असं होतंच म्हणायचे. साहेब दार उघडून पाऊल टाकायचा आणि ठेचकाळायचा. सतरा वर्षं. वडील हे जेवताना सांगायचे, तोंड अगदी कोरं ठेवून, आणि आम्ही हसून लोळायचो. मी माझ्या अंगठ्याचं समर्थन करताना त्यांना साक्षीला बोलावत असे: हे आपल्या रक्तातच आहे. पण त्या दिवशी टेबलावर बसल्याबसल्या मला आईचं एक वाक्य आठवलं. तिनं एकदा विचारलं होतं, लिफ्टमध्ये दुसरं कुणी असलं तर? वडिलांनी तिच्याकडे बघितलं, जणू तिनं काही अभद्र विचारलं होतं. "दुसऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय?" ते म्हणाले, आणि भात कालवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरनं बोलावलं. टेबलावर चार चष्मे होते, चारही गोल. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांचे चष्मे स्वतः मोजून चिठ्ठीसह पाठवले होते: चौघांच्याही काचा आठ अंश फिरलेल्या, हे योगायोगानं होत नाही, खुलासा करावा. चारही डब्यांत ठीकसाहेबाची चिठ्ठी, वर ठळक अक्षरात 'ठीक'. मॅनेजर मला बसा म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "मास्तर, मला दोन ओळी लिहून द्या. खोलीत सगळ्यांत जुने तुम्ही. काचा बसवल्या तेव्हा बरोबर होत्या, तपासणीत चुकलं, एवढंच. त्याला सोडावं लागेल, इलाज नाही. आणि सोमवारपासून खिडकीजवळ तुम्ही बसा." मी विचारलं, मग टेबलावर कोण? "दोन नवे घेतो की," तो म्हणाला, "त्यात काय एवढं." मी त्या 'त्यात काय एवढं'कडे बघत राहिलो. म्हणजे हे तेव्हाही होण्यासारखं होतं. कुठं काही अडलं नव्हतं. त्याला त्या दिवशी चहा पिता पिता तेवढा विचार करायचा कंटाळा आला होता, इतकंच. आणि मी त्या कंटाळ्यावर एकतीस माणसांच्या फरश्या तिरक्या केल्या होत्या. मला राग यायला हवा होता, पण जे आलं त्याला मी नाव देऊ शकत नाही. विचार करून सांगतो, म्हणालो. "विचार कसला? सुंठीवाचून खोकला गेला," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत ठीकसाहेब माझ्या टेबलाशी आला. डबा उघडला नव्हता, नुसता हातात धरला होता. मला वाटलं, विचारणार. तपासणीनंतर चष्मा आणखी कुणाच्या हातात जातो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण हा माझ्याशेजारी बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, डावाही गेला वाटतं." इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी फक्त आम्हा दोघांत होती. ठीकसाहेबाचा उजवा डोळा लहानपणापासून अधू आहे, त्याला उजेड आणि सावली यापलीकडे फारसं दिसत नाही. नोकरीच्या अर्जात दोन्ही डोळे उत्तम असं त्यानं लिहिलं होतं. मी त्याला शिकवत होतो तेव्हा तिसऱ्याच दिवशी ते माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, यंत्राला भोक एकच असतं, ते काही दोन डोळे मागत नाही. डाव्यानं बघ, आणि गप्प बस. त्या डाव्या डोळ्याला मी तयार केलं. कोन असा वाच, श्वास रोखून वाच, शंका आली तर पुन्हा वाच. आता तो म्हणत होता, "चौघांचे चुकले म्हणजे किती जणांचे चुकले असतील? घरी मी उजवा झाकून कॅलेंडर वाचतो. दिसतं तर सगळं. पण दिसतंय असं मला वाटतंय आणि खरं दिसत नाहीये, असंही असेल ना?" मी म्हटलं, जेव आधी. "तुम्ही लिहून द्या," तो म्हणाला. "मॅनेजरनं मला सांगितलंय. तुम्हाला अवघड वाटत असेल माझ्यामुळं. पण लोकांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, मास्तर. खरं असेल ते लिहा."

मला त्या क्षणी बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही: ज्या खुर्चीनं मला जाळलं तिच्यात बसलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि मला आतून गार वाटलं, दोन श्वासांपुरतं. मग ते गेलं आणि जी भीती आली ती पकडले जाण्याची नव्हती. काल त्या बाई, आज हा. मी काचा फिरवत गेलो आणि माणसं आपल्यालाच तपासत बसली. कुणी म्हणालं माझं डोकं वाकडं, कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणतो डोळा गेला. बाकीचे तीस काय म्हणत असतील? त्यात कुणी गाडी चालवणारा असेल, कुणी शिडीवर चढणारा. त्यांच्यातल्या एकानंही माझ्यावर संशय घ्यायला नको? चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं. इथं संन्यासी आपणहून सुळाची लांबी बघत होता. संध्याकाळी घरी बायकोला फक्त खुर्चीचं सांगितलं. तिनं स्टूल घेतलं, कपाटावरची पिशवी काढली, उशीवरची धूळ झटकली आणि खोळ धुवायला टाकली. मग बहिणीला फोन लावला. "उशिरा का होईना, यांच्या हाताचं सोनं झालं बाई," ती सांगत होती. मी मोरीत हात धूत उभा राहिलो, लगदा गेला तरी धूत राहिलो. तिला सांगावं, तर काय सांगावं? की तू ज्या हाताचं बहिणीला सांगतेस त्याच्या अंगठ्यानं? खोळ दोरीवर वाळत होती, तिच्यावर तिनं भरलेलं एक लहान फूल होतं जे मी आजवर बघितलं नव्हतं.

कागद मी दुसऱ्या दिवशी लिहिला, दोन ओळींचा नव्हे, पानभर. काय केलं, कसं केलं, किती केले, कधीपासून. कारण लिहायला बसलो तेव्हा चहाचा कप, फळा, आकडा, सगळं क्रमानं लिहिलं, आणि वाचून बघितलं तर ते एकतिसांपुढे इतकं किरकोळ दिसायला लागलं की मी ते खोडलं. मग वाटलं, खोडलं तर ते झालंच नव्हतं असं होईल. पुन्हा लिहिलं. शेवटी खोडाखोडीसकट कागद मॅनेजरपुढे ठेवला. ठीकसाहेबही तिथंच होता, राजीनामा लिहायला बोलावलेला. मॅनेजरनं वाचला आणि हसला. "मास्तर, मोठेपणा पुरे. शिष्यासाठी गळ्यात काय घालून घ्याल याला काही मर्यादा? तुमचा हात आणि चुकेल?" मी म्हटलं, चुकला नाही, मुद्दाम केलं. ठीकसाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठी असलं काही लिहू नका, मास्तर," तो म्हणाला. दोघंही माझ्याकडे मायेनं बघत होते. खरं सांगायला आलेल्या माणसाला एवढं कोंडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजरच्या नाकावर गोल फ्रेम होती. ती मीच बसवलेली, वर्षापूर्वी, आणि तिच्यातल्या काचा अगदी जागच्या जागी होत्या, कारण ती माझ्या हातात आली त्या दिवशी मी घाबरलो होतो, वडिलांनी सतरा वर्षांत जे धाडस रोज केलं ते मला एकदाही झालं नव्हतं. "तुमचा चष्मा द्या जरा," मी म्हटलं. त्यानं दिला, पुसायला देतात तसा. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, दोन्ही स्क्रू सैल केले, अंगठा ठेवला, फिरवलं, आवळलं. मोजून वीस सेकंद. "घाला," मी म्हटलं. त्यानं घातला, माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि त्याचा हात टेबलाची कड शोधायला लागला.

मॅनेजरला समजलं हे मला त्याच्या हातावरून कळलं. तो कड सोडत नव्हता. मी ठीकसाहेबाकडे बघायचं टाळत होतो. आता तो काय म्हणेल ते मी रात्रभर स्वतःला ऐकवलं होतं, एकेक शिवी निवडून, आणि त्यातली प्रत्येक मला मान्य होती. तो खुर्चीतून अर्धवट उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग यायला अजून वेळ होता, आधी दुसरंच काहीतरी आलं होतं, मूल तापातून उठल्यावर आईच्या तोंडावर येतं तसलं. "म्हणजे माझा डावा डोळा चांगला आहे?" तो म्हणाला. "मास्तर, म्हणजे मला नीट दिसतंय?" हो, मी म्हटलं, तुला नीट दिसतंय, तुझी एकही सही चुकलेली नाही. तो हसला, तोंडावर हात ठेवून हसला. आणि मॅनेजर चष्मा काढत म्हणाला, "डावा म्हणजे? उजव्याला काय झालंय?"

ठीकसाहेबाला नोकरीतून काढायला माझी कबुली पुरली नसती, त्याची ही कबुली पुरली. अर्जात खोटं लिहून लागलेला तपासनीस, एका डोळ्याचा. डॉक्टरांना पाठवायला यापेक्षा सोपा खुलासा कुठला मिळणार होता? मला काढायचं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं, एकतीस जणांना शोधावं लागलं असतं, सहा दुकानांच्या पाट्या खाली आल्या असत्या. हे मॅनेजरनं बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती, त्याच्या डोक्यात ते जुळताना मला दिसत होतं, काच चौकटीत बसताना दिसते तसं. त्यानं चष्मा माझ्यापुढे सरकवला. "आधी हा नीट करा," म्हणाला. आणि मी तो करायला घेतला. समोर ठीकसाहेब आपल्या उजव्या डोळ्याबद्दल सांगत होता, लहानपणीची गोवराची साथ, औषध उशिरा मिळालं, आणि मी स्क्रू सैल करत होतो, माझा हात जराही कापत नव्हता. "मास्तर," मॅनेजर म्हणाला, "याच्या डोळ्याचं तुम्हाला माहीत होतं?" एवढं पानभर कबूल करून झाल्यावर एक 'हो' काय जड होतं? ठीकसाहेब माझ्याकडे बघत होता, त्या एका चांगल्या डोळ्यानं. मी काच बरोबर जागेवर आणली, स्क्रू आवळला. "नाही," मी म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. एकोणीस वर्षं त्या खोलीत विचारलेल्या प्रश्नांना जी उत्तरं देत आलो, त्यांच्यातलंच एक तोंडातून निघालं. ठीकसाहेबानं मान हलवली. "यांना कुठून माहीत असणार?" तो मॅनेजरला म्हणाला. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं." आणि राजीनाम्याचा कागद पुढे ओढून तो डावा डोळा जवळ नेऊन लिहायला लागला. मॅनेजरनं चष्मा घातला, दाराकडे बघितलं, बरोबर म्हणाला. माझा कागद खणात टाकून किल्ली लावली आणि मला सांगितलं की टेबलावर ट्रे साचलेत.